पेपर कुठवर आलाय? वैद्यकीय नेटवर्कमध्ये संपादकीय सॉफ्टवेअर आणताना

"मॅडम, माझा पेपर कुठवर आलाय?"

वैद्यकीय नियतकालिकाच्या कचेरीत फोन वाजला की पलीकडून बहुधा हाच प्रश्न येतो. विचारणारा कधी तिसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर असतो, कधी बढतीची मुलाखत तोंडावर आलेले सहयोगी प्राध्यापक. दोन-दोन महिने कळ काढून मगच त्यांनी फोन केलेला असतो. एकाच महाविद्यालयाचं नियतकालिक असेल तर को-ऑर्डिनेटर ताई रजिस्टर न उघडताही सांगतात, "सर्जरीच्या सरांकडे आहे, गुरुवारी त्यांची ओटी नसते, तेव्हा आठवण करते." पण सहा महाविद्यालयं, दोन रुग्णालयं आणि एक संख्याशास्त्र विभाग एकत्र येऊन संशोधनाचं नेटवर्क उभं करतात, तेव्हा हे उत्तर कुणा एकाच्या डोक्यात मावत नाही. पेपर एका शहरातून येतो, परीक्षक दुसऱ्या शहरात असतो आणि निर्णय घेणारे संपादक तिसरीकडे. मग बैठकीत कुणीतरी म्हणतं, "एक सॉफ्टवेअर घेऊन टाकू."

ते घ्यावंच, असं माझं स्पष्ट मत आहे. पण मी अशा कामात दोनदा होते. पहिल्यांदा सॉफ्टवेअर आलं आणि चार महिन्यांत सगळे पुन्हा ई-मेलवर गेले. दुसऱ्यांदा ते टिकलं. दोन्ही वेळा माणसं बरीचशी तीच होती. फरक कशाने पडला, ते ज्यांच्यावर अशी जबाबदारी आली आहे त्यांना सांगावं म्हणून हा लेख.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं, यावर समित्या सर्वात जास्त वेळ घालवतात. तेवढा घालवू नये. मोठे प्रकाशक स्कॉलरवन किंवा एडिटोरियल मॅनेजर वापरतात. दोन्ही भक्कम आहेत आणि दोन्हींना पैसे मोजावे लागतात. ओपन जर्नल सिस्टिम्स, म्हणजे ओजेएस, मोफत आणि मुक्तस्रोत आहे. कॅनडात 1998 साली सुरू झालेल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टने ते बांधलं आणि जगभरातली हजारो नियतकालिकं त्यावर चालतात. सरकारी किंवा विश्वस्त संस्थांच्या नेटवर्कला ओजेएस पुरेसं आहे असं मला वाटतं. मात्र मोफत मिळतो तो फक्त प्रोग्राम. सर्व्हर, रोजचा बॅकअप आणि नवी आवृत्ती आल्यावर ती बसवून देणारा माणूस यांचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. ही तरतूद नसेल तर दुसऱ्या वर्षी जुनी, भगदाडं पडलेली आवृत्ती चालू राहते आणि एके दिवशी नियतकालिकाच्या पानावर जुगाराच्या जाहिराती झळकतात. हे मी पाहिलं आहे.

आरोग्यविषयक पुराव्यांचे पद्धतशीर आढावे काढणारी कॉक्रेन ही संस्था 1993 पासून अनेक देशांत विखुरलेल्या गटांमधून काम करते. त्यांनी स्वतःसाठी ‘आर्ची’ नावाची प्रणाली बांधली होती. पुढे संपादकीय कामासाठी त्यांनी एडिटोरियल मॅनेजर स्वीकारला. घरची, सवयीची प्रणाली बाजूला ठेवून बाहेरची आणायची म्हणजे प्रत्येक गटाने आपापल्या कामाच्या रीती पुन्हा तपासायच्या. लहान नेटवर्कलाही हेच करावं लागतं, आणि सॉफ्टवेअर यायच्या आधीच करावं लागतं.

आधी म्हणजे कसं? को-ऑर्डिनेटरच्या शेजारी खुर्ची टाकून दोन दिवस बसायचं.

पहिल्या वेळी आम्ही हे केलं नव्हतं. दुसऱ्या वेळी मी एका केंद्रावर गेले आणि ताईंना म्हटलं, "तुम्ही जसं काम करता तसंच करा, मी फक्त बघते." त्यांच्याकडे एक एक्सेल शीट होती. पिवळी ओळ म्हणजे पेपर परीक्षकाकडे गेला, हिरवी म्हणजे स्वीकारला, लाल म्हणजे नाकारला. ते माझ्याही लक्षात आलं. पण मधे आठ-दहा ओळी गुलाबी होत्या. "हे काय?" विचारलं तर त्या म्हणाल्या, "दोन रिव्ह्यू आलेत, पण दोघांचं एकमत नाही. सरांना मेल करून उपयोग नसतो. समोर बसवून विचारावं लागतं. सर शनिवारी अकरानंतर मोकळे असतात." म्हणजे त्या कचेरीत ‘शनिवारी सरांना विचारायचं’ हा एक खराखुरा टप्पा होता आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये त्याला जागा नव्हती. ओजेएसच्या सध्याच्या रचनेत पेपर चार टप्प्यांतून जातो: सादरीकरण, परीक्षण, भाषिक संपादन आणि छपाईची तयारी. गुलाबी ओळी यांपैकी कुठेच बसत नव्हत्या. पहिल्या वेळी आमचे पेपर नेमके इथेच अडकले होते. पडद्यावर ‘परीक्षण पूर्ण’ दिसायचं आणि पुढे कुणी हात लावत नसे, कारण पुढचं पाऊल कुणी उचलायचं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

म्हणून प्रत्येक केंद्राच्या को-ऑर्डिनेटरकडून त्यांचे सगळे रंग समजून घ्या. मोठ्या कागदावर पेपरचा प्रवास काढा आणि प्रत्येक थांब्यापाशी दोनच गोष्टी लिहा: चेंडू आता कुणाच्या कोर्टात आहे, आणि किती दिवसांनी कुणी आठवण करायची. परीक्षकांत मतभेद झाले तर सात दिवसांत सहसंपादक निर्णय देतील, नाही दिला तर पेपर आपोआप मुख्य संपादकांकडे जाईल, असं साधं वाक्य त्या कागदावर आलं आणि गुलाबी ओळी मिटल्या. हे वाक्य मुख्य संपादकांच्या सहीने सर्व केंद्रांना गेलं पाहिजे. तंत्रज्ञाने परस्पर ठरवून सेटिंगमध्ये टाकलं तर वरिष्ठ डॉक्टर ते पाळत नाहीत.

सहा केंद्रांचे सहा प्रवास एकमेकांशी जुळणार नाहीत. एका ठिकाणी संख्याशास्त्रज्ञ आधी पेपर बघतो, दुसरीकडे स्वीकारल्यानंतर. एका ठिकाणी परीक्षकाला लेखकाचं नाव कळतं, दुसरीकडे कळत नाही. या फरकांवर भांडणं होतात. होऊ द्या, पण सॉफ्टवेअर सुरू होण्याआधी होऊ द्या. दोन-तीन गोष्टींत संपूर्ण नेटवर्कला एकच रीत लावावी आणि बाकी केंद्रांवर सोडावं. लेखकाचं नाव परीक्षकाला दिसणार की नाही, यावर मात्र एकच नियम हवा.

नाव झाकायचं ठरवलं तर ते खरंच झाकलं जातंय का, हे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. लेखक पहिल्या पानावरून नाव काढतो, पण वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांत ते राहतं. ‘आमच्या विभागप्रमुखांचे आभार’ ही ओळ शेवटी राहून जाते. आणि एथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र? त्याच्या माथ्यावर संस्थेचं नाव, बोधचिन्ह आणि पत्ता असतो. ते पूरक फाइल म्हणून चढवलं जातं आणि नव्या माणसाने परीक्षणाला पाठवताना सगळ्या फाइलींवर खूण केली की परीक्षकाला सगळं कळतं. परीक्षकाला कोणत्या फाइली दिसतील, हे ओजेएसमध्ये संपादकच निवडतो. ही एक पायरी प्रत्येक संपादकाकडून तुमच्यासमोर दहा वेळा करून घ्या.

याहून गंभीर धोका रुग्णाच्या ओळखीचा आहे. एक्स-रे किंवा सीटीच्या चित्राच्या कोपऱ्यात रुग्णाचं नाव, वय आणि नोंदणी क्रमांक छापलेला असतो. लेखकाच्या नजरेला तो इतका सरावाचा असतो की दिसत नाही. संमतीपत्रावर तर सहीसकट पूर्ण नाव असतं. पूर्वी अशी फाइल दोन-चार जणांच्या इनबॉक्समध्ये असायची. आता ती एका सर्व्हरवर, त्याच्या बॅकअपवर आणि परीक्षकाने उतरवून घेतलेल्या संगणकावर असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आपल्याकडे 2023 साली संमत झाला आहे. पण कायद्याच्या आधीही वॉर्डात आपल्यावर विश्वास टाकलेल्या माणसाचं आपण देणं लागतो. माझा आग्रह असा: संमतीपत्र लेखकाने आपल्या संस्थेत जपून ठेवावं आणि प्रणालीत फक्त ‘संमती घेतली आहे, मागितल्यास दाखवू’ असं निवेदन द्यावं. आणि पेपर आल्याबरोबर, संपादकाकडे जाण्याआधी, को-ऑर्डिनेटरने प्रत्येक चित्र मोठं करून चारही कोपरे पाहावेत. नाव आढळलं तर पेपर परत पाठवून ती फाइल सर्व्हरवरून कायमची काढावी. त्यासाठी काढून टाकण्याचा अधिकार कुणाकडे आहे, हे आधीच माहीत हवं.

सादरीकरणाच्या अर्जात किती रकाने ठेवायचे? मोह आवरा. पहिल्या उत्साहात प्रत्येक विभागप्रमुख एकेक रकाना सुचवतो आणि रात्रपाळी संपवून आलेला निवासी डॉक्टर तिसाव्या प्रश्नाशी खिडकी बंद करतो. सक्तीचे रकाने मोजकेच असावेत: एथिक्स कमिटीचा मंजुरी क्रमांक, निधी कुठून आला, हितसंबंध, प्रत्येक लेखकाने काय काम केलं आणि संशोधकाची ओळख म्हणून मिळणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या ट्रायल-नोंदवहीचा क्रमांक. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने 2005 पासून नोंदणी न केलेल्या ट्रायल छापायच्या नाहीत असं ठरवलं. आपली सीटीआरआय जुलै 2007 मध्ये सुरू झाली, 15 जून 2009 पासून औषध नियंत्रकांनी नोंदणी सक्तीची केली आणि 1 एप्रिल 2018 पासून तिथे फक्त आगाऊ नोंदणी होते. म्हणजे पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी झालेली असली पाहिजे. म्हणून क्रमांकाच्या शेजारी दोन तारखांचे रकाने ठेवा: नोंदणीची आणि पहिला रुग्ण घेतल्याची. या दोन तारखा शेजारी आल्या की गडबड पहिल्याच दिवशी दिसते, सहा महिन्यांचं परीक्षण वाया जात नाही.

परीक्षकांची यादी नव्या प्रणालीत घालणं हे सगळ्यांना किरकोळ काम वाटतं. तसं ते नाही. जुन्या शीटमध्ये एकाच माणसाचे तीन पत्ते असतात: कॉलेजचा, जीमेलचा आणि निवृत्तीपूर्वीचा. आडनाव आधी की नाव आधी, याचा मेळ नसतो. यादी आहे तशी ओतली की एकाच बाईंना तीन खाती आणि तीन पासवर्ड मिळतात आणि त्या तिन्हींपैकी एकही उघडत नाहीत. प्रत्येक परीक्षकाला साधं पत्र पाठवून विचारा: आम्ही तुमचं नाव नव्या प्रणालीत ठेवू का, कोणता पत्ता ठेवू, कोणत्या विषयांचे पेपर पाठवू? जे होकार देतील तेवढेच घ्या. यादी निम्मी झाली तरी ती जिवंत असते.

लेखकांनी स्वतः सुचवलेल्या परीक्षकांबाबत फार सावध राहा. 2017 साली ट्यूमर बायॉलॉजी या कर्करोगविषयक नियतकालिकातले 107 पेपर एकदम मागे घ्यावे लागले. खऱ्या शास्त्रज्ञांच्या नावाने बनावट ई-मेल पत्ते देऊन परीक्षणं लिहिली गेली होती. सॉफ्टवेअरला नाव आणि पत्ता एकाच माणसाचा आहे का, हे कळत नाही. सुचवलेल्या परीक्षकाचा संस्थेच्या संकेतस्थळावरचा पत्ता को-ऑर्डिनेटरने स्वतः शोधून मगच निमंत्रण पाठवावं.

आता ई-मेलविषयी. पहिल्या वेळी आमचं अर्धं घोडं इथेच अडलं. परीक्षक सांगत होते, "निमंत्रण आलंच नाही." प्रणालीत तर ‘पाठवलं’ असं दिसत होतं. दोघंही खरं बोलत होते, पत्र स्पॅममध्ये पडत होतं. सर्व्हर कॉलेजच्या नावाने पत्र पाठवतो, पण तशी परवानगी त्याला कॉलेजच्या डोमेनने दिलेली नसेल तर समोरची सेवा ते बनावट समजते. फेब्रुवारी 2024 पासून जीमेलने हे नियम आणखी कडक केले आहेत. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी तुमच्या आयटी विभागाकडून डोमेनवर करून घ्या. सुरुवात करण्याच्या दोन आठवडे आधी प्रत्येक केंद्रातल्या पाच जणांना चाचणीची पत्रं पाठवा आणि फोन करून विचारा, पत्र कुठे पडलं. रुग्णालयांच्या आतल्या नेटवर्कवर बाहेरच्या साइट अडवलेल्या असतात, तेही याच वेळी कळतं.

पत्रांचा मजकूर तयार मिळतो, तो तसाच ठेवू नका. नकाराचं कोरडं पत्र पहिला पेपर लिहिणाऱ्या मुलीच्या हातात पडतं, तेव्हा तिला पुढे काय करायचं हे त्यातून कळलं पाहिजे. परीक्षकाला जाणाऱ्या पत्रात पेपरचं नाव, किती दिवसांत हवं आणि अडचण आली तर कुणाला फोन करायचा, हे पहिल्या तीन ओळींत यावं. परीक्षकाला पासवर्डशिवाय थेट पेपरपाशी नेणारा दुवा पाठवण्याची सोय ओजेएसमध्ये आहे. ओपीडीच्या दोन रुग्णांमध्ये मोबाइलवर होकार देणाऱ्या डॉक्टरांसाठी ती चांगली आहे. फक्त हे पत्र दुसऱ्याला पुढे पाठवायचं नाही, ही ताकीद त्यात ठळक लिहा. आणि न छापलेला पेपर एआयच्या साधनांत टाकणं म्हणजे गोपनीयता मोडणं, हेही त्याच पत्रात लिहा.

प्रशिक्षण सभागृहात घेऊ नका. साठ माणसं, मोठा पडदा, शेवटी चहा आणि समोसा, आणि सोमवारी कुणालाच काही आठवत नाही. प्रत्येक को-ऑर्डिनेटरच्या टेबलावर, त्यांच्याच संगणकावर, त्यांच्याच एका खऱ्या पेपरवर चाळीस मिनिटं द्या. माउस त्यांच्या हातात, आपण शेजारी. चुका करायला एक वेगळी सराव-प्रत उभी करा, जिथून कुणालाही खरं पत्र जाणार नाही. संपादकांना दहा मिनिटं पुरतात, कारण त्यांना तीनच गोष्टी करायच्या असतात: पेपर उघडणं, परीक्षक नेमणं, निर्णय देणं. या तिन्ही गोष्टी एका पानावर मराठीत लिहा, चित्रांसह, आणि पान त्यांच्या टेबलाच्या काचेखाली सरकवा.

सुरुवात दोन केंद्रांपासून करा. एक असं, जिथली माणसं उत्साही आहेत. दुसरं असं, जिथे कामाचा रेटा जास्त आणि उत्साह कमी आहे. अडचणी या दुसऱ्या केंद्रातच कळतात. परीक्षा आणि थिसिस जमा करण्याचे महिने टाळा, आणि नवे निवासी डॉक्टर रुजू होतात ते आठवडेही. एक तारीख जाहीर करा: त्या दिवसापासून येणारा प्रत्येक पेपर नव्या प्रणालीत. आधीचे पेपर मात्र जुन्याच वाटेने संपू द्या. अर्ध्यावरचा पेपर उचलून नव्या प्रणालीत टाकला की त्याचा अर्धा इतिहास हरवतो आणि चिडलेल्या लेखकाला सांगायला आपल्याकडे काही उरत नाही. काही महिने दोन प्रणाली सांभाळाव्या लागतील. या काळात को-ऑर्डिनेटरला हाताखाली एक माणूस द्या. हा खर्च वाचवलेली नेटवर्कं पुढे जास्त खर्चात पडतात.

सगळं सुरळीत झाल्यावरही एक गोष्ट चालूच राहील. वरिष्ठ संपादक व्हॉट्सॲपवर लिहितील, ‘तो मूत्रपिंडाचा पेपर घेऊन टाका.’ त्यांना अडवू नका. को-ऑर्डिनेटरने तो निरोप प्रणालीतल्या चर्चेत नोंदवावा, आणि निर्णयाचं बटण मात्र संपादकांनीच दाबावं. त्यांच्या नावाने लॉगिन करून दुसऱ्याने ते दाबण्याची प्रथा पहिल्याच आठवड्यात बंद करा. तीन वर्षांनी एखाद्या पेपरवर तक्रार आली, तर कुणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर निर्णय घेतला, हे दाखवणारा तेवढाच एक कागद तुमच्या हातात असतो. संपादक स्वतः लेखक असेल तेव्हा त्याला आपल्याच पेपरचे परीक्षक दिसत नाहीत ना, हेही एक खोटा पेपर चढवून पाहून घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका.

दर महिन्याला दोनच आकडे काढा. पेपर आल्यापासून पहिल्या निर्णयापर्यंत किती दिवस लागले, त्याचा मध्यक. आणि आज सकाळी संपादक न नेमलेले किती पेपर पडून आहेत. सरासरी काढू नका, कारण दोनशे दिवस अडकलेला एकच पेपर ती बिघडवतो. हे आकडे भिंतीवर लावून केंद्रांची शर्यत लावली की लोक पेपर घाईने नाकारून आकडे सुधारतात. ते त्या-त्या केंद्राच्या को-ऑर्डिनेटरसोबत बसून बघा.

आणि ज्या सोमवारी प्रणाली सुरू कराल, त्या दिवसापासून पंधरा दिवस एक फोन नंबर सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा चालू ठेवा. तो उचलणाऱ्या माणसाची रजा आधीच रद्द करा. पहिल्या आठवड्यात फोन लागला, तर लोक दुसऱ्या आठवड्यात ई-मेलकडे परत जात नाहीत. तुमच्या को-ऑर्डिनेटरना तो नंबर आजच देऊन ठेवा.